रिकाम्या नाट्यगृहाची फी

पुरुषोत्तम करंडकात लेखनाला, दिग्दर्शनाला, अभिनयाला मान आहे. दिव्यांना नाही. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेल्या या स्पर्धेचा कटाक्षच असा की तंत्राचा झगमगाट नको, मुलांनी नाटक करावं. धोरण चांगलं आहे, मला मनापासून पटतं. माझी पंचाईत एवढीच की सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात, ‘आव्वाज कुणाचा’च्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या गजरात, मला नेमकी त्या बिनबक्षिसाच्या गोष्टीची गोडी लागली. आता पदवी झाली, हिंजवडीत नोकरी लागली, पगाराची सवयही झाली, आणि चोविसाव्या वर्षी मी घरात जाहीर करून बसले आहे की मला प्रकाशयोजनेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. किंवा घ्यायचंय का, हे ठरवायचंय. पहिल्या वाक्यानं घरच्यांना धक्का बसला. दुसऱ्यानं ते वैतागले.

दिव्यांकडे मी स्वतःहून गेले नाही. कॉलेजच्या नाटकमंडळात कामं वाटताना कुणीतरी म्हणालं, “तू इलेक्ट्रॉनिक्सची ना? मग लाइट्स तू बघ.” याच न्यायानं सिव्हिलच्या मुलाकडे सेट गेला. माझ्या अभियांत्रिकीचा दिव्यांना उपयोग झाला तो साधारण एक संध्याकाळ. हजार वॉटचा पार दिवा २३० व्होल्टवर सव्वाचार-साडेचार अँपियर खेचतो, म्हणून डिमरच्या एका चॅनलवर किती पार जोडायचे हे मला पटकन सांगता आलं आणि सगळे माझ्याकडे आदरानं बघायला लागले. पण ते पार टांगायचे कुठे, कुणाच्या तोंडाकडे वळवायचे आणि कधी मालवायचे, हे ओहमच्या नियमात कुठेच नव्हतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो हे मी परीक्षेत लिहिलं होतं. नटानं दोन पावलं मागे टाकल्यावर त्याचे डोळे खोबणीत गडप होतात आणि चांगला हसरा मुलगा एकदम आजारी दिसतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो नियम आणि हा चेहरा यांचा एकमेकांशी संबंध आहे हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

शिकवलं ते काकांनी. त्यांचं नाव इथे नको, त्यांना आवडणार नाही. भाड्यानं दिवे पुरवणाऱ्या एका माणसाकडे ते आयुष्यभर कामाला आहेत, शिडीवर चढतात, दिव्यांपुढचं रंगीत जिलेटिन कापतात, आणि दोन सीनच्या जुन्या मॅन्युअल बोर्डावर दहाही बोटं टाकून असे काही क्रॉसफेड घेतात की मी तोंडात बोट घालून बघत राहते. ते समजावून सांगत नाहीत. “माणूस दिसू दे आधी, मग तुझं काय ते कर,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, “बॅक दे थोडा, पडद्यापासून सुटंल.” बॅक, म्हणजे मागून उजेड दिला, आणि नट खरोखरच मागच्या काळ्या पडद्यापासून सुटून पुढे आला, खांद्यांना, केसांना कड आली. का सुटला, हे विचारलं तर काका म्हणाले, “सुटतोच.”

पुढे एका पुस्तकात मला या ‘का’चं एक उत्तर सापडलं. येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅकँडलेस नावाचे गृहस्थ रंगमंचाची प्रकाशयोजना शिकवायचे. १९३२ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली. रंगमंचाचे लहान लहान भाग पाडायचे. प्रत्येक भागावर डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन दिवे, दोन्ही पंचेचाळीस अंशांत वरून, आणि त्यातला एक उबदार रंगाचा, दुसरा थंड. त्यामुळे चेहऱ्याला गोलाई येते आणि एका बाजूचा रंग वाढवला की वेळ बदलते. हे वाचून मी धावत काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपण हेच करतो की. पण आपल्याकडं बाजूचे चारच मिळतात, म्हणून दोन भाग एकात घेतो.” म्हणजे येलच्या पुस्तकातलं काकांना येत होतं. फक्त त्यातली कुठली तडजोड कशासाठी, हे ते बोलून दाखवत नव्हते. आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं. इथून माझ्या डोक्यात ‘शिकायला जावं का’ या किड्यानं घर केलं.

मग मी चौकशी सुरू केली, आणि जितकी माहिती मिळत गेली तितकी मी गोंधळत गेले.

सगळ्यात जवळचं म्हणजे गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातलं ललित कला केंद्र. नाट्यविषयात एम.ए. करता येतं, घरी राहता येतं, आईला बरं वाटतं. सतीश आळेकरांनी बरीच वर्षं सांभाळलेला हा विभाग. तिथल्या मुलांची नाटकं मी पाहिलेली आहेत आणि त्यांचा मला हेवा वाटलेला आहे. पण तिथे नाटक शिकायचं. त्यात दिवेही आले. मुंबईत कालिन्याला विद्यापीठाची नाट्यअकादमी, तिथेही तसंच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे एनएसडीत, तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि शिष्यवृत्तीही मिळते. हे शिष्यवृत्तीचं कळल्यावर बाबांचा सूर पहिल्यांदा जरा खाली आला. पुण्याहून तिकडे जाणं काही नवं नाही. रोहिणी हट्टंगडी इथूनच गेल्या. पण एनएसडीतही पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं करायचं, अभिनय, आवाज, हालचाल. वेगळी वाट निवडायची ती नंतर. आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीत परीक्षकांसमोर उभं राहून नाटकातले उतारे सादर करायचे! स्टेजवर यावं लागू नये म्हणून जिनं दिवे धरले, तिला दिवे शिकण्यासाठी आधी स्टेजवर उभं राहणं भाग आहे. यात काहीतरी तर्क असणार. नटाच्या अंगावर उजेड टाकणाऱ्याला अंगावर उजेड पडल्यावर काय होतं ते माहीत हवं, असं मी स्वतःला समजावते, पण रात्री दचकून जाग येते ती याच विचारानं.

आणि मग अमेरिका. तिथे मात्र थेट प्रकाशयोजनेचीच पदवी आहे, तीन वर्षांची एमएफए. त्या मॅकँडलेसांच्या येलमधल्या नाट्यशाळेला २०२१ मध्ये डेव्हिड गेफन यांनी पंधरा कोटी डॉलर दिले आणि तिथे शिक्षणशुल्क माफ झालं. हे मी जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवलं. बाबांनी आमटी वाढून घेतली आणि विचारलं, “राहायचं कुठे? आणि खायचं काय, उजेड?” बँकेत आयुष्य काढलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता करून दिला: एका रकान्यात तीन वर्षांचा राहण्याचा खर्च, दुसऱ्यात तीन वर्षांचा बुडालेला पगार, तिसऱ्यात ‘नंतरचं उत्पन्न’. तिसरा रकाना त्यांनी मोकळा ठेवला आणि पेन माझ्यापुढे केलं. तो अजून मोकळाच आहे. प्रायोगिक नाटकाचे दिवे करून आजवर माझं रिक्षाभाडं सुटलेलं आहे, पण सगळ्या प्रयोगांचं नाही. पैसे आहेत ते कंपन्यांच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या ‘संगीत’मध्ये, मोठ्या गाण्याच्या मैफलींत. विसर्जन मिरवणुकीत आकाश कापत फिरणारे शार्पी दिवे ज्यांचे असतात, त्यांना कुणी तिसरा रकाना भरायला सांगत नसावं.

पैशाचं सोडलं तरी येलवर माझा दुसराच एक आक्षेप होता, आणि तो द्राक्षं आंबट म्हणून नव्हता. तिथे ज्या कन्सोलवर शिकवतात, जितके दिवे हाताशी देतात, तसं काही मला इथे परत आल्यावर मिळणार नाही. मग मी शिकणार ते कुठल्या रंगमंचासाठी? तापस सेनांचं उदाहरण सगळे देतात आणि मलाही ते छळतं. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाताना दाखवलं. पाणी नव्हतंच, उजेड होता. लोक ते बघायला पुन्हा पुन्हा यायचे म्हणतात. त्या माणसाकडे प्रकाशयोजनेची कुठलीही पदवी नव्हती. मित्र हे उदाहरण देऊन म्हणतात, “बघ, शाळेची गरजच नाही.” मला वाटतं, तापस सेन होण्यासाठी शाळेची गरज नसेलही, पण मी तापस सेन नाही आणि तरी मला हे काम नीट करायचंय, अशा माणसानं काय करावं? प्रतिभावंतांची उदाहरणं आमच्यासारख्यांच्या फार उपयोगी पडत नाहीत.

पुण्यातच, लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागी एफटीआयआय आहे आणि तिथे उजेडाचं उत्तम शिक्षण मिळतं. पण ते कॅमेऱ्यासाठी. कॅमेरा एका जागेवरून बघतो; नाटकात आठशे माणसं आठशे जागांवरून बघतात, आणि त्यांचे डोळे अंधाराला सरावतात. ते दार मी लवकर बंद केलं.

या सगळ्यात मला खरं पेचात टाकलं ते एका प्रयोगाआधीच्या दुपारी. पुण्यातली मोठी नाट्यगृहं सत्रांवर चालतात. बालगंधर्वचंच घ्या, १९६८ पासून उभं आहे. दुपारी एक प्रयोग, संध्याकाळी एक, रात्री साडेनऊला एक. मधल्या वेळात आधीचा सेट उतरतो, पुढचा चढतो, ध्वनीची मंडळी ‘हॅलो, हॅलो’ करतात, आणि उरलेल्या वेळात दिवे. उरलेला वेळ म्हणजे नट मेकअपला बसलेले असतात आणि बाहेर तिसऱ्या घंटेची वाट बघणारे प्रेक्षक वडापाव खात असतात तो. दिग्दर्शक दोन महिने एका वाक्यावर तालीम घेतो. त्या वाक्यावर उजेड कसा पडेल हे मी तेव्हा पहिल्यांदा बघते जेव्हा तिकीट काढलेली माणसंही ते पहिल्यांदाच बघत असतात.

त्या दुपारी आमच्याकडे नवे एलईडी पार आले होते. शेवटच्या प्रसंगात एक म्हातारी खुर्चीत बसलेली आहे आणि उजेड जातो, असं होतं. आधीच्या प्रयोगांत हे आम्ही हॅलोजनच्या दिव्यांवर केलं होतं. हॅलोजनची तार मंद करत नेली की ती नुसती मंद होत नाही, लालसर होत जाते; पूर्ण जोरात साधारण ३२०० केल्विनचा पिवळसर पांढरा उजेड, खाली येता येता निखाऱ्याच्या रंगावर येतो, आणि वीज बंद झाल्यावरही तार क्षणभर धुगधुगत राहते. म्हातारीचा चेहरा त्या क्षणात जायचा. प्रेक्षकांतून टाळी यायला त्यामुळेच एक श्वास उशीर व्हायचा. एलईडीला तार नाही. मंद करताना त्याचा रंग ढळत नाही, आणि शेवटच्या पायरीवरून तो उडी मारतो: आहे, आहे, नाही. म्हातारी गेल्यासारखी वाटेचना. कुणीतरी बटण बंद केल्यासारखं वाटायचं. मी बोर्डवर बसून रंग हलवत राहिले, लाल वाढव, निळा काढ, वेळ लांबव. जमत आलं असं वाटलं तोवर दार उघडायची वेळ झाली. काका म्हणाले, “एक जुना हॅलोजन ठेव तिच्या डोक्यावर, बाकी एलईडी राहू दे.” ठेवला. प्रयोग झाला, टाळी एक श्वास उशिरानं आली.

बोर्ड गुंडाळताना मी त्यांना विचारलं, शिकायला जाऊ का. दिल्ली, अमेरिका, विद्यापीठ, सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी केबल कोपरावर गुंडाळत एकच प्रश्न विचारला, “तिथं नाटक नसताना हॉल देतात का?”

हा प्रश्न मी कुठल्याच माहितीपुस्तिकेला विचारला नव्हता. मी बघत होते कन्सोल कुठले, शिक्षक कोण, पदवीवर नाव काय. काकांची चाळीस वर्षं हॉलमध्ये गेली, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक तास कुणाच्या तरी प्रयोगाच्या आधीचा होता, घाईचा. दिवा नुसता बघत बसावा, हलवून बघावा, काढून बघावा, पुन्हा लावावा, आणि यातून आज काहीच नाही निघालं तरी चालेल, असा वेळ या धंद्यात कुणाच्या वाट्याला येत नाही. संगीत शिकणारा घरी तानपुरा लावून बसतो, चित्रकार कागद फाडतो. प्रकाशयोजना शिकणाऱ्याला सरावासाठी अख्खं नाट्यगृह लागतं, अंधार लागतो आणि उजेड अंगावर घेऊन उभं राहणारं कुणीतरी लागतं. शाळा देत असेल तर हेच देत असेल. बाकीचं बरंचसं पुस्तकात मिळतं, काकांकडे तर मिळतंच.

मग मी ठरवलं, शाळेआधी हेच विकत घेऊन बघू. परदेशी अर्जांच्या शुल्कासाठी बाजूला काढलेले पैसे घेतले आणि एक लहान जागा कामाच्या दिवसाच्या सकाळी भाड्यानं घेतली. पुण्यात आता अशा काळ्या पेटीसारख्या जागा आहेत, एरंडवण्यात ‘द बॉक्स’ आहे, इतरही आहेत. काकांकडून चार हॅलोजन आणि डिमर आणला. एका मैत्रिणीला खुर्चीत बसवलं. नाटक नाही, संवाद नाही, प्रेक्षक नाहीत. मला स्वतःविषयी एकच शंका होती: प्रयोगाची घाई, टाळी, ‘लाइट्स मस्त होते हं’ हे सगळं काढून घेतल्यावर मला यात रस उरतो का?

पहिला तास कंटाळवाणा गेला. मॅकँडलेसप्रमाणे दोन दिवे लावले, चेहरा छान दिसला, संपलं. आता काय? मग एक काढला. मग उरलेला बाजूला सरकवला, अगदी विंगेतून यावा तसा, आणि तिच्या नाकाची सावली गालावरून कानाकडे गेली. ती काहीच करत नव्हती, तरी ती कुणाचं तरी ऐकते आहे असं वाटायला लागलं. दिवा वर नेला तर ती ऐकायची थांबली आणि विचार करायला लागली. हे का होतं, हे मी वहीत लिहायचा प्रयत्न केला आणि अर्धं पान लिहिलंही. निळं जिलेटिन, लीचं १८१, ज्याला काँगो म्हणतात, ते लावलं तर चेहराच गेला, इतका थोडा उजेड त्यातून येतो. पण बाजूच्या पिवळ्याशेजारी ते अगदी कमी ठेवलं तर सावल्यांना रंग आला. मैत्रीण म्हणाली, “पुढच्या वेळी मी पुस्तक घेऊन बसेन, चालेल ना?” मी पुढच्या वेळेची तारीख आधीच मनात धरली होती.

रस उरतो, हे कळलं. त्यानं सगळे प्रश्न सुटले असं नाही. ही जागा मी पगारातून किती वेळा घेणार? आणि माझ्या अर्ध्या पानावर ‘हे असं का’ म्हणून मला अडवणारं कुणीच नाही. काका ‘होतंच’ म्हणतात आणि मैत्रीण वाचत बसते. मला वेळ हवा आहे आणि माझ्याशी वाद घालणारं कुणीतरी हवं आहे. त्यामुळे येल तूर्त बाजूला ठेवलं आहे. तिथे पोर्टफोलिओ लागतो, प्रकाशाचे आराखडे आणि प्रयोगांची छायाचित्रं. माझ्याकडे आराखडा एकही नाही, कारण दिवे कुठे टांगलेत हे नाट्यगृहानं आधीच ठरवलेलं असतं, आणि छायाचित्रं मोबाइलवर काढलेली आहेत. मोबाइल अंधार बघितला की स्वतःहून उजळतो, त्यामुळे माझे सगळे मंद प्रसंग त्यात भर दुपारी घडताना दिसतात. आराखडे काढायला मात्र मी सुरुवात केली आहे, झालेल्या नाटकांचेच, मागून.

दिल्लीचा अर्ज भरणार आहे, आणि सोबत गणेशखिंडीतलाही. दिल्लीसाठी किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. नाटकं सहाच्या वर झाली आहेत, पुरावा नाही. आमच्या पत्रकांवर कधी ‘प्रकाश : ग्रुप’ असं छापलेलं आहे, कधी काहीच नाही, आणि अलीकडे तर पत्रक छापतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरतं. एका दिग्दर्शकाला पत्र मागितलं तर तो म्हणाला, “तूच लिहून आण, मी सही करतो. आणि हो, शनिवारी प्रयोग आहे, येतेस ना?” म्हणून आता मी माझ्याविषयीची पत्रं लिहिते आहे, आणि संकोचामुळे ती इतकी कोरडी होतायत की आईनं एक वाचून विचारलं, हे तारीफ करतंय की तक्रार.

उताऱ्यांचं पाठांतरही सुरू केलंय. काका ऐकायला बसतात. परवा मधेच थांबवून म्हणाले, “पाठ आहे, पण तू उजेडातून बाहेर उभी राहतेस.” आणि खरंच, खोलीतली ट्यूब डोक्यावर होती आणि मी भिंतीला टेकले होते.